बसावयाची जागा

नांदेड किंवा लातूर शहराच्या कडेला, जेथे काही वर्षांपूर्वीपर्यंत तुरीची आणि ज्वारीची शिवारे होती आणि आता आखीव भूखंडांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत, अशा एखाद्या नव्या वसाहतीत कोणाकडे सायंकाळी सहज म्हणून जावे, तर एक विलक्षण विसंगती हमखास दृष्टीस पडते. दर्शनी दालनात भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला सोफा असतो आणि त्याच्या पाठीवरचे प्लास्टिक, डाग पडतील या भयाने, अद्याप काढलेले नसते. मूळच्या छताखाली प्लास्टरचे दुसरे छत जडवून त्याच्या कडांत निळे-जांभळे दिवे दडविलेले असतात. समोरच्या भिंतीवर टीव्हीसाठी लाकडी महिरप उभारलेली असते आणि तिच्या कप्प्यांतून थोरल्या मुलाला शाळेत मिळालेली ढाल, तिरुपतीहून आणलेली बालाजीची मूर्ती आणि काचेचा एक हंस अशी मंडळी निमूटपणे पाहुण्याकडे पाहत असतात. घरातील माणसे मात्र या दालनात नसतात. कोणी मागील दाराच्या पायरीवर शेंगा फोडीत बसलेले असते, कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकलेले असते, मुले आतल्या खोलीतील पलंगावर पुस्तके पसरून लोळत असतात, आणि पाहुणा बिचारा पाण्याचा पेला हाती धरून त्या झगमगाटात एकटा बसून राहतो, तो घरातील एखाद्या म्हातारीला त्याची दया येऊन तिने आतून हाक मारीपर्यंत : “तिकडं एकलेच काय बसलालाव भाऊ, इकडं या की, वारं येलालंय.”

ज्या दालनावर घरधन्याने बांधकामाच्या जमाखर्चातील सर्वांत मोठी रक्कम खर्ची घातली, त्या दालनाकडे सारे घर पाठ फिरवून बसते, याचे कारण केवळ हौसेचा अतिरेक किंवा अभिरुचीचा अभाव असे सांगून मोकळे होता येणार नाही. ती हौस खरी असते, आणि आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेल्या शिक्षकाने वा महसूल खात्यातील कारकुनाने निवृत्तीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या घरात चार दिवे अधिक लावले, तर त्यास नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझी तक्रार निराळी आहे. या घरांत वस्तूंसाठी जागा योजिलेल्या असतात, माणसांसाठी नसतात. टीव्हीची भिंत नकाशावर ठरलेली असते, शीतकपाटाचा कोपरा ठरलेला असतो, चारचाकीची तर इंचाइंचाने मोजणी झालेली असते. परंतु घरातील आजीने दुपारी कोठे बसावे, हे ना घरधन्याला ठाऊक असते ना आराखडा काढणाऱ्याला. घराला ऊब येते आणि त्याला स्वतःचा चेहरा लाभतो, तो या दुसऱ्या प्रकारच्या योजनेमुळे, असे माझे मत बनले आहे. आणि ते बनण्यास आमच्या मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे कारण झाली आहेत.

माझे आजोळ औसा तालुक्याच्या उत्तर टोकाला. गाव लहान, पण घर ऐसपैस. दगडी वेशीसारख्या दरवाजातून आत शिरले, की प्रथम लागे ती ढाळज. वरून छपरबंद, समोरून मोकळी आणि जमिनीपासून कमरेइतकी उंच. वाटसरूने येथे पथारी टाकावी, पटवाऱ्याने दप्तर उघडावे, भांडण घेऊन आलेल्या भाऊबंदांनी येथेच आवाज चढवावा आणि येथेच उतरवावा. आतील घराला त्याची झळ लागत नसे. ढाळजेच्या पुढे उघडा चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना ओसरी, ओसरीच्या आत माजघर, त्याच्या आत देवघर आणि स्वयंपाकघर, आणि सर्वांच्या मागे परस. अंतरंगाकडे जाणाऱ्या या पायऱ्या होत्या. कोण किती आत येणार हे ज्याचे त्याला ठाऊक असे.

घराचे मोजमाप तेव्हा चौरस फुटांत कोणी सांगत नसे, खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि ते अंतर ठरे किनवटच्या रानातून वा पलीकडच्या आदिलाबाद भागातून आलेल्या सागवानी तुळईच्या लांबीवरून. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचणे, त्यांवर पालापाचोळ्याचा थर आणि सर्वांवर हात-दीड हात जाडीची पांढरी माती : अशी ती माळवदाची रचना. ही पांढरी माती जुन्या गावठाणाच्या नाहीतर ढासळत्या गढीच्या जागेतून आणीत. पावसाचे पाणी ती चटकन आत मुरू देत नाही, हा तिचा गुण. वैशाखात बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेला तरी माजघरात हा मातीचा थर आणि दोन-तीन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती यांच्यामुळे असा गारवा असे, की दुपारच्या झोपेत अंगावर धोतराचे पान ओढून घ्यावेसे वाटे.

ओसरीच्या प्रत्येक खणाला मालक होता. दर्शनी खणात आजोबांची बैठक. तेथे जाजम, एक तक्क्या, पानाचा डबा आणि उतरत्या झाकणाची लिहिण्याची पेटी. त्यापुढील खणात तुळईच्या लोखंडी कडीला पाळणा, आणि पाळण्यात मूल नसेल त्या काळात त्याच कडीला दही घुसळण्याची दोरी. तिसऱ्या खणात जाते आणि उखळ. तेथे पहाटेपासून बायकांचे राज्य, आजोबाही त्या खणातून जाताना खाकरून जात. आज आपण ज्याला फर्निचर म्हणतो त्याचा पंचनामा करू गेल्यास एक तक्तपोस, दोन बाजा आणि काही पाट यांपलीकडे यादी जाणार नाही. कारण फर्निचरचे सारे काम भिंतीकडे होते. भिंतीच्या जाडीतच देवळ्या, खुंट्या, फडताळे. भिंतीलगत बांधून काढलेले बळद, ज्यात वरून ज्वारी ओतावी आणि खालच्या तोंडाने काढावी. एका देवळीत रॉकेलची चिमणी, दुसरीत आजोबांचा चष्मा आणि पंचांग, उंबऱ्याजवळच्या सर्वांत खालच्या देवळीत आम्हा मुलांच्या गोट्या आणि चिंचोके. त्या खालच्या देवळीत मोठ्या माणसाने हात घालावयाचा नाही, असा अलिखित दस्तुर होता. चार-पाच वर्षांच्या मुलाला घरात स्वतःच्या मालकीची अशी जागा असावी, तिची हद्द सर्वांनी पाळावी, याइतका मोठा सन्मान आजच्या रंगीबेरंगी चित्रांनी मढविलेल्या ‘किड्‌स रूम’मध्येही मुलांच्या वाट्याला येतो की नाही, याची मला शंका आहे.

माजघरात खिडकी नव्हती. उजेड यावयाचा तो माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. त्या वीतभर झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा सकाळी बळदावर पडे, दुपारी जमिनीवर उतरे आणि कलता कलता समोरच्या भिंतीवर चढे. आजीची कामे घड्याळावर नव्हे, या कवडशावर बेतलेली असत. पाऊस आला, की कोणीतरी धावत माळवदावर जाऊन साण्यावर मडके पालथे घाली. जमीन शेणाने सारवलेली, ओसरीपुरती शहाबादी फरशी, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा आणि खाली हातभर गेरूचा पट्टा. काळा दगड, पांढरी माती, तांबडा गेरू आणि तेलपाण्याने काळवंडलेले सागवान यांपलीकडे घराला रंग ठाऊक नव्हता. वर माळवदावर उन्हाळ्यात शेवया, कुरडया, सांडगे वाळत, आणि रात्री वाकळी घालून अख्खे घर झोपे. गावातली माळवदे एकमेकांना लागून असल्यामुळे बायका रस्त्यावर न उतरता वरच्या वर पाच-सात घरे हिंडून येत. पुरुषांना याचा पत्ता असे, पण त्याविषयी विचारणा करण्याची रीत नव्हती.

शहरांतील वाड्यांत याच रचनेवर निजामी अमदानीचा साज चढला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि आसफजाही हुकमत संपली. परंतु वकिलाच्या नाहीतर जहागीरदाराच्या घरातील दिवाणखाना, त्यातील गालिचा व लोड, दर्शनी भिंतीवर किंचित पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरी, ताकात ठेवलेली बिदरी सुरई आणि अत्तरदाणी, ही मंडळी पुढे कितीतरी वर्षे आपल्या जागा राखून होती. शहाबादची फरशी, बिदरची काळी-रुपेरी भांडी, औरंगाबादचे हिमरू : सारा माल एकाच संस्थानातला, म्हणून तो एकत्र आला आणि एकमेकांना शोभला. नांदेडच्या गोदाकाठच्या जुन्या मोहल्ल्यांतून हिंडताना हिंदू आणि मुसलमान घरांच्या मांडणीत मला फार फरक आढळला नाही. दोन्हीकडे चौक, दोन्हीकडे बाहेरची बैठक आणि आतले घर यांमधील मर्यादा, दोन्हीकडे जमिनीवर बसण्याचा प्रघात. त्याच नांदेडात महाराजा रणजितसिंहांच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात उभ्या राहिलेल्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात आजही रोज हजारो माणसे जमिनीवर ओळीने बसून जेवतात. जमीन हेच सर्वांत प्रशस्त आसन आहे आणि तिच्यावर उच्चनीच भाव टिकत नाही, याचा तो प्रत्यक्ष दाखला.

घरांविषयी मात्र असा दाखला देता येणार नाही. जुन्या वाड्यांची थोरवी गाणाऱ्यांत मी एक आहे खरा, पण त्या गारव्याची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. माजघराचा तो काळोख माझ्या आजीच्या डोळ्यांनी सोसला. चुलीचा आणि वैलाचा धूर वाट न सापडल्याने तिच्या छातीत साठत गेला. घरातील सर्वांत अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीसाठी राखून ठेवलेली असे. आणि ढाळजेपासून देवघरापर्यंतच्या ज्या पायऱ्यांचे मी एवढे कौतुक केले, त्यांची पहिली पायरीही गावातील कित्येकांना वर्ज्य होती. ज्यांनी चौकातले दगड घडविले आणि ज्यांनी दर मृगाआधी डोक्यावरून पाट्या वाहून माळवदावर माती चढविली, त्यांपैकी अनेकांना त्याच चौकात पाय टाकण्याची मुभा नव्हती. माणसांसाठी जागा योजणारी ती रचना काही माणसांसाठी बाहेरची जागा योजूनच पुरी होत होती. आज घर बांधताना जुन्यातले काय घ्यावे याची निवड करावयाची, ती ही बाब डोळ्यांआड न करता.

आणि मग १९९३ साल उजाडले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून माणसे रात्री उशिरा घरोघर परतली, गाढ झोपली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत भुईसपाट झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना मारले ते त्यांच्याच घरांनी. भिंती जाड होत्या हे खरे, पण आतून-बाहेरून दगडांचे दोन पापुद्रे उभे करून मधली पोकळी मातीने आणि दगडगोट्यांनी भरलेली, आणि या दोन पापुद्र्यांना एकत्र सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वरचे माळवद गळू लागले, की जुनी माती न उतरविता तीवरच नवी टाकावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. त्यामुळे ज्या थराने वैशाखातील उन्हापासून राखले, तो दरवर्षी थोडाथोडा जड होत गेला होता, आणि जमीन हलताच भिंतीचे पापुद्रे फुटून सारा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्या घरांत लाकडी खांबांचा सांगाडा निकोप होता आणि माळवदाचा भार भिंतींवर नसून खांबांवर होता, तेथे भिंती ढासळल्या तरी सांगाडा बऱ्याच ठिकाणी उभा राहिला, असे भूकंपानंतरच्या पाहण्यांत आढळले. आमच्या आजोळचे घर किल्लारीपासून दूर असल्याने पडले नाही. पश्चिमेच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आणि त्या रात्रीपासून आजी पुन्हा कधी माजघरात झोपली नाही. परसात पत्र्याची एक खोली उभारली गेली. ती उन्हात तापे, पावसात वाजे. पण तिच्या छताला वजन नव्हते, आणि आजीला तेवढेच पुरे होते. त्या वर्षानंतर आमच्या भागात कितीतरी माणसांनी घराची पारख सौंदर्याने वा गारव्याने करण्याचे सोडून दिले. डोक्यावर जड काही नको, इतकीच त्यांची मागणी उरली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात ५२ गावे पूर्णतः नव्या ठिकाणी वसविण्यात आली. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० अथवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. रस्ते रुंद आणि सरळ, घरे एकमेकांपासून सुटी, भिंती भूकंपास टिकतील अशा. इतक्या अल्पावधीत इतकी मजबूत घरे उभी राहिली, याबद्दल त्या कामात राबलेल्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु गृहसजावटीच्या शास्त्रात ज्याला रस आहे त्याने नियतकालिकांतील गुळगुळीत छायाचित्रे बाजूला ठेवून या गावांतून एक फेरी मारावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण सरकारने सुपूर्द केलेल्या एकसारख्या चौकोनी घरांचे माणसांनी पुढे काय केले, यात सारे शास्त्र साठलेले आहे. लोकांनी प्रथम दारापुढे ओटा घातला. मग ओट्यावर पत्रे आले आणि ओसरी तयार झाली. चुलीसाठी आत जागा नव्हती, तेव्हा ती मागे कुडाच्या आडोशाला गेली. काही ठिकाणी न्हाणीघरात गोवऱ्या आणि कडबा भरला गेला, कारण गोवऱ्या ठेवण्याची जागा नकाशा काढणाऱ्याला सुचलीच नव्हती. भूखंडाच्या कडेने कुंपण आले, कुंपणाची भिंत झाली, आणि घर व भिंत यांच्यामध्ये चौक आपोआप परत आला. ढिगाऱ्यातून काढलेली जुनी सागवानी चौकट किंवा कोरीव खांब कोणी या नव्या घरांत आणून बसविले. ज्या घरातली माणसे गेली, त्या घराचा दरवाजा नव्या दारी लावावयास काय धैर्य लागले असेल, याची कल्पना मला करवत नाही. पण पाहुणा आला की लोक त्या चौकटीवरून हात फिरवून तिची कैफियत सांगतात.

मोडलेल्या पण न पडलेल्या घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम याच कार्यक्रमात शेकडो गावांतून चालले. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून गावोगाव फिरल्या आणि सिमेंटचे पट्टे, कोपऱ्यांची बांधणी, आरपार दगड यांची भाषा माजघरात पोचली. घराच्या रचनेविषयी बायकांना विचारले गेले, हे आमच्या मुलखात बहुधा तेव्हा प्रथमच घडले असावे.

लातूर शहराने यानंतर घराच्या अंतरंगाला आणखी दोन गोष्टी शिकविल्या. पहिली पाण्याची. मांजरा धरण कोरडे पडून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि त्या उन्हाळ्यात लातूरकरांच्या घरांची मांडणीच पालटली. दर्शनी दालनात निळी पिंपे, जिन्याखाली टाक्या, पलंगाखाली घागरी. टँकरचा पाइप आत यावा म्हणून खिडकीच्या जाळीला पाडलेली भोके अनेक घरांत पुढेही तशीच राहिली. जुन्या घरात रांजणासाठी ओसरीच्या कोपऱ्यात दगडी बैठक असे आणि सांडलेले पाणी परसातल्या आळूला जाई. नव्या घरांत पाण्याला जागाच ठरविलेली नव्हती, म्हणून ते आले तेव्हा सोफा हलवून बसले. दुसरी गोष्ट अभ्यासाची. ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाल्यापासून मराठवाड्यातून आणि त्याबाहेरूनही मुले शिकावयास येथे येतात आणि शहरातील असंख्य घरांच्या पुढच्या खोल्या त्यांना भाड्याने दिलेल्या असतात. एका खोलीत तीन लोखंडी पलंग, तीन टेबले, भिंतीवर सूत्रांचे तक्ते. सजावटीच्या दृष्टीने या खोल्यांत पाहण्यासारखे काहीही नाही. तरीही रात्री अकरा वाजता घरमालकीण तीन पेले दूध घेऊन दाराशी येते, आणि ज्या मुलाचे गाव उमरगा की हदगाव हे तिला नीट ठाऊक नाही त्याला “झोप आता, माय वाट बघत असंल तुझी” असे रागावते, तेव्हा त्या खोलीइतकी उबदार खोली गावात दुसरी नसते. पलंगाच्या उशाशी पुस्तके ठेवण्यापुरती देवळी मात्र कोणी बांधीत नाही, आणि पुस्तके जमिनीवर राहतात.

आता जो नवे घर बांधतो आहे, त्याने या सर्वांतून काय घ्यावे? माळवद परत आणावे असे म्हणणारा माणूस एकतर शहाणा नसेल किंवा त्याने १९९३ पाहिलेले नसेल. परंतु आजच्या सिमेंटच्या घरातील एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही : स्तंभ आणि तुळया यांचा आजचा सांगाडा हा आमच्या जुन्या खणांच्या सांगाड्याचाच वारस आहे. भार वाहतात ते स्तंभ. मधली भिंत नुसती आडोशाची. भिंतीवर भार नाही, तर तिला कोरी आणि सपाट ठेवून वर महागडा कागद चिकटविण्याची सक्ती तरी कोणाची आहे? स्तंभांना आणि पट्ट्यांना धक्का न लावता, कोपरे सोडून, नऊ इंची विटेच्या भिंतीत उथळ देवळ्या सहज ठेवता येतात. खिडकीचा कट्टा हात-दीड हात रुंद केला, की तेथे माणूस बसतो. दोन खोल्यांच्या मधली भिंत कमरेइतकीच उंच ठेवली, की स्वयंपाक करणारी व्यक्ती घरातील बोलण्यातून वगळली जात नाही. भूखंड लहान असला तरी सहा फुटी चौरस चौक निघतो, वर जाळी घालून तो बंदिस्त करता येतो, आणि साण्याने जे काम केले ते हा चौक धुराशिवाय करतो. गारव्यासाठी माती नको. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात किंवा फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा थर पुष्कळसे ऊन परतवून लावतो आणि त्याचे वजनही फार नसते.

जमिनीविषयी मी थोडा हट्टी आहे. आरशासारख्या चमकणाऱ्या फरश्यांवर ओल्या पायांची म्हातारी माणसे घसरतात, आणि बसणाऱ्याला स्वतःचे प्रतिबिंब पाहत बसावे लागते. शहाबादी वा तांदुरी फरशी घासून घेतली, की ती पावलांना खरी वाटते आणि वर्षागणिक अधिक गुळगुळीत होत जाते. तिच्यावर सतरंजी घालून दहा माणसे बसतात, त्यासाठी दहा खुर्च्या लागत नाहीत. दिव्यांविषयीही तेच. छतातून सर्वत्र सारखा सांडणारा प्रकाश दुकानाला शोभतो, कारण तेथे प्रत्येक वस्तू विकावयाची असते. घरात वाचणाऱ्याच्या खांद्याशी एक, देवाशी एक आणि जेवणाऱ्यांच्या मध्ये एक असे दिवे असले, की रात्री घरात थोडा काळोखही शिल्लक राहतो, आणि त्याची माणसांना गरज असते. कापडासाठी दूर जाण्याचे कारण नाही : ज्या नांदेडातील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वजाचे कापड तयार होते, तेथील खादीचा पडदा उन्हाला मऊ करतो, धनगराकडची काळी घोंगडी तक्तपोसावर कोणत्याही आयात गालिच्याहून अधिक शोभते, आणि किनवट-मुखेडकडच्या तांड्यांवर बंजारा स्त्रिया आरशांचे, कवड्यांचे जे भरतकाम करतात, ते योग्य मोबदला देऊन घेतले आणि जपून वापरले, तर भिंतीला दुसऱ्या चित्राची आवश्यकता उरत नाही. मोडीत निघालेल्या वाड्यांचे सागवान भंगारवाल्याकडे वजनावर विकले जाते आणि पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत जाऊन मिरवते. एखादी चौकट, एखादा खांब तरी येथेच राहावा.

आणि तरीही या सर्व वस्तू एकत्र आणून मांडल्या, तर फार तर एक नेटके प्रदर्शन तयार होईल. मी पाहिलेले सर्वांत देखणे आधुनिक घर नांदेडातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे आहे. त्यात घोंगडी नाही, सागवानी खांब नाही, भिंती पिवळसर साध्या रंगाच्या. मात्र दाराशी आत-बाहेर असा अर्धा ओटा आहे, जेथे पोस्टमनपासून शेजारच्या नातवंडांपर्यंत कोणीही चपला न काढता टेकू शकते. स्वयंपाकघरात ओट्याच्या समोर भिंतीतच बांधलेले एक दगडी आसन आहे, कारण त्यांच्या पत्नीला गुडघ्यांमुळे फार वेळ उभे राहवत नाही. जिन्याच्या वळणावर पुस्तकांची देवळी आणि तिच्यापुढे एकच माणूस मावेल एवढी पायरी आहे, आणि तेथे त्या घरातला कोण कधी बसतो यावरून भांडणे होतात. घरकाम करणाऱ्या बाईंचा चहा त्याच दगडी आसनावर होतो. हे घर बांधताना त्यांनी स्थापत्यविशारदाला खोल्यांची यादी दिली नाही, दिवसाची दिली : पहाटे कोण उठतो, कोठे जातो, दुपारी ऊन कोठे येते, औषधे कोणाची, रडू कोणाला कोठे येते. विशारद तरुण होता, प्रथम गोंधळला, मग त्याने त्या यादीवरून नकाशा काढला.

तेव्हा नांदेड-लातूरकडे घर बांधू इच्छिणाऱ्या माझ्या वाचकांना एवढीच विनंती आहे, की नकाशा महापालिकेत मंजुरीसाठी दाखल करण्यापूर्वी तो एकदा स्वयंपाकघरात न्यावा, जमिनीवर पसरावा, आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला, सर्वांत लहान मुलाला आणि धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंना आपण कोठे बसणार ते बोटाने दाखवावयास सांगावे. तिघांपैकी एकाचे जरी बोट अडखळले, तर नकाशा परत करावा.